गाडीचं अ‍ॅव्हरेज कुठं जातं?

आज विषय जरा वेगळा आहे. आज चारचाकीबद्दल बोलायचंय. "आमच्या दारात कुठली आलीय गाडी?" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आता गावागावात कुणाकडं ना कुणाकडं जुनी छोटी गाडी आलेली आहे. कुणाच्या मुलानं घेतली, कुणाच्या दिरानं घेतली, एखाद्या गटानं मिळून घेतली. दवाखाना, बाजार, लग्न, सगळ्याला तीच. आणि तिच्या पेट्रोलचे पैसे शेवटी घरातल्या कोणत्या डब्यातून जातात, ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

माझ्याकडच्या एका गटानं अशीच एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. मसाला आणि पापडाचा गट. आठवड्यातून तीन फेऱ्या संभाजीनगरला. जाताना आपला माल, येताना मोंढ्यातून मिरची, धने, उडीद डाळ. भाड्यानं द्यायची नाही, आपल्याच कामाला वापरायची असं ठरलं. चालवायला गटातल्या एका ताईंची सून. तिनं रीतसर लायसन्स काढलेलं, हात चांगला.

सहा महिन्यांनी बैठकीत एका ताईंनी विचारलं, "कंपनीच्या कागदावर लिटरला बावीस किलोमीटर लिहिलंय. आपल्या हिशोबात पंधराच्या वर जात नाही. मग सात किलोमीटरचं पेट्रोल जातं कुठं?" कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. पण सगळ्यांनी एकाच वेळी त्या सुनेकडं पाहिलं. एक जण हळूच म्हणाली, "माहेर जवळच आहे ना तिचं." पोरगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या सासूबाईंनी गाडीची किल्ली माझ्या हातात आणून दिली.

मी तिथं बसलेली होते. मला खरं तर त्याच बैठकीत एक गोष्ट सांगता आली असती, पण ती माझ्या ध्यानात रात्री घरी गेल्यावर आली. गाडी कुणी माहेरी नेली तर पेट्रोल जळतं, पण मीटरवरचे किलोमीटरही तेवढेच वाढतात. म्हणजे पेट्रोलचा खर्च वाढेल, अ‍ॅव्हरेज कमी होणार नाही. अ‍ॅव्हरेज कमी येण्याची कारणं तीनच. एक तर टाकीतून पेट्रोल काढलं जातंय, किंवा मोजण्यात चूक आहे, किंवा गाडी खरोखरच जास्त पेट्रोल पितेय. माहेरचा इथं काही संबंधच नाही. एवढा साधा हिशोब, पण आपण आधी माणसाकडं बोट दाखवतो. आणि ती बाई असली तर जरा लवकरच दाखवतो. तीच गाडी आधी महिनाभर एका ताईंचा भाऊ चालवत होता, तेव्हा अ‍ॅव्हरेज कुणी विचारलंच नव्हतं.

मग आम्ही पुढच्या बैठकीत ठरवलं की तीन महिने नीट मोजायचं. आपल्या गटाच्या पंचसूत्रीतलं शेवटचं सूत्र काय आहे? हिशोबाच्या वह्या चोख ठेवायच्या. मग गाडीलाही वही.

पहिली चूक मोजण्यातच होती. आपण पंपावर जातो आणि म्हणतो, "पाचशेचं टाका." काटा वर जातो, खाली येतो, दिवा लागला की परत पाचशेचं. यातून अ‍ॅव्हरेज कळतच नाही, कारण दिवा लागताना टाकीत किती उरलं होतं ते दर वेळी वेगळं असतं. योग्य रीत अशी. टाकी फुल करायची. नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं, वरून गळ्यापर्यंत भरायचं नाही. मीटरवरचा आकडा लिहायचा. मग गाडी नेहमीसारखी वापरायची. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर परत टाकी फुल करायची. या वेळी जितके लिटर बसले, तितकंच पेट्रोल मधल्या काळात जळलं. मीटरमधला फरक भागिले लिटर. आमची पहिली नोंद अशी आहे: मीटर ४१,२६० वर टाकी फुल, ४१,६३२ वर परत फुल, पेट्रोल २४.८ लिटर. फरक ३७२ किलोमीटर. ३७२ भागिले २४.८, उत्तर बरोबर १५.

आणि या पूर्ण टाकीत एकही फेरी अशी नव्हती की गाडीत गटातली दुसरी बाई बसलेली नव्हती. रात्री गाडी माझ्या दारात. तरी १५ च आलं. म्हणजे पेट्रोल कुणी काढत नव्हतं. किल्ली त्याच दिवशी सुनेच्या हातात परत गेली. तिला काय बोलायचं ते कुणाला सुचत नव्हतं. शेवटी अध्यक्षताईंनी चहा टाकला.

पंपाची शंका असेल तर तीही फेडून घेता येते. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्यानं तपासलेलं पाच लिटरचं माप असतं. ते मागायचा आपल्याला हक्क आहे. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात चालतो, त्याहून जास्त नाही. आम्ही मागितलं. पंपावरचा पोरगा आधी आमच्या तोंडाकडं बघत राहिला, मग आणलं. माप बरोबर होतं.

आता तो बावीसचा आकडा. तो खोटा नसतो, पण तो रस्त्यावरचा नसतो. आपल्याकडं गाड्यांची अशी तपासणी पुण्याच्या एआरएआय या संस्थेसारख्या ठिकाणी होते. ही संस्था १९६६ पासून आहे. तिथं गाडी एका खोलीत रोलरवर उभी करतात. चाकं फिरतात, गाडी जागेवरच. ठरवून दिलेल्या वेगानं, वीस मिनिटांच्या आत संपणारी चाचणी, वेग जास्तीत जास्त ताशी ९०, एसी बंद. तिथं दौलताबादचा घाट नाही, मागच्या सीटवर धन्याची पोती नाहीत, दिल्ली दरवाजातली कोंडी नाही. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा घेतली तर या गाडीची त्या गाडीशी तुलना करता येते, त्यासाठी तो आकडा. आपल्या रस्त्यावर तेवढं मिळेल असं वचन नव्हे ते.

पण २२ नाही तर १५ च का? हे बघायला मी आणि खजिनदार ताई एक दिवस मुद्दाम सुनेबरोबर बसलो. पोरगी गाडी चांगली चालवते, पण शिकवणाऱ्यानं तिला दोन-तीन सवयी लावल्या होत्या. पुढं मोकळा रस्ता दिसला की रेस, आणि पुढं ट्रक दिसला की ब्रेक. आपण चुलीत आधी भरपूर लाकडं घातली आणि लगेच पाणी ओतलं, तसं ते. पेट्रोल जाळून जो वेग मिळवला तो ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया गेला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं हे मोजलेलं आहे. असं हिसके देत चालवल्यानं मोठ्या रस्त्यावर १५ ते ३० टक्के आणि गर्दीच्या रस्त्यावर १० ते ४० टक्के अ‍ॅव्हरेज घटतं.  मितमिट्याच्या पुढं, पडेगाव, छावणी, नगर नाका, तिथं ओळीनं अडथळे आहेत. लांबूनच दिसतात. तिला एवढंच सांगितलं, की पुढचं वाहन थांबताना दिसलं की पाय उचल, गाडी गिअरमध्येच आपोआप मंदावू दे.

दुसरी सवय, खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ चालवायची. सपाट रस्त्यावर छोटी पेट्रोल गाडी साधारण ताशी ३० ला तिसऱ्यात, ४० ला चौथ्यात आणि ५० च्या पुढं पाचव्यात जायला हवी. नेमके आकडे गाडीच्या पुस्तकात असतात. इंजिनाचा आवाज चढायला लागला की गिअर बदलायचा, कान पुरे आहेत त्याला. तिसरी सवय, डावा पाय क्लचवर ठेवून बसायचं. त्यानं क्लच घासतो, ताकद वाया जाते आणि क्लचप्लेटचं बिल येतं ते वेगळंच.

वेगाचंही तसंच. पेट्रोलच्या बचतीवर काम करणारी सरकारी संस्था आहे, पीसीआरए. १९७८ साली स्थापन झाली. तिचा सल्ला ताशी ४५ ते ५५ चा आहे. वेग वाढला की समोरचा वारा नुसता तेवढाच वाढत नाही, वेग दुप्पट झाला तर वाऱ्याचा रेटा चौपट होतो. शरणापूर ते मितमिटा ८० नं गेलं काय आणि ५५ नं गेलं काय, पाच मिनिटांचासुद्धा फरक पडत नाही.

आता घाट. इथं मला जास्त बोलायचंय, कारण इथं पेट्रोलपेक्षा मोठी गोष्ट पणाला लागलेली असते.

आपण खुलताबादकर पठारावर राहतो. शहराकडं निघालो की दौलताबादचा घाट उतरायचा, वेरूळकडं निघालो तरी उतरायचं. आणि उतार आला की आपल्याकडचे जुने ड्रायव्हर काय करतात? गाडी न्यूट्रलला टाकतात. काही जण तर किल्लीच फिरवून इंजिन बंद करतात आणि अभिमानानं सांगतात, "खालपर्यंत फुकटात आलो." आमच्या सुनेलाही हेच शिकवलेलं होतं. मागच्या सीटवर मी बसलेली, वर पोती, आणि गाडी न्यूट्रलमध्ये वळणावर. माझे हात गार पडले होते.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत न्यूट्रलला थोडं पेट्रोल वाचत असेलही. आताच्या गाड्यांत कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. गाडी गिअरमध्ये आहे, पाय रेसवरून उचललेला आहे, आणि चाकं इंजिनाला फिरवतायत, असं दिसलं की तो पेट्रोल पूर्ण बंद करतो. इंजिन फिरत राहतं ते उताराच्या जोरावर, फुकटात. न्यूट्रलला टाकलं की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. मग इंजिन बंद पडू नये म्हणून कॉम्प्युटरला पेट्रोल सोडावंच लागतं. म्हणजे घाटात न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचत नाही, उलट जळतं. वर गाडीला आवरायला फक्त ब्रेक उरतात. सतत दाबलेले ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत.

इंजिन बंद केलं तर त्याहून वाईट. ब्रेक हलका लागतो तो इंजिनाच्या ओढीमुळं. इंजिन बंद झाल्यावर एक-दोनदा ब्रेक नीट लागेल, मग पॅडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. आणि किल्ली जास्त मागं फिरली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. वळणावर. समोरून एसटी.

मैत्रिणींनो, गाडी तुम्ही चालवत नसाल, मागं बसलेल्या असाल, तरी ड्रायव्हरला हे सांगायचं. नवरा असो, भाऊ असो, भाड्याचा ड्रायव्हर असो. "दादा, गिअरमध्येच उतरवा, पेट्रोलही कमी लागतं," असं म्हणा. पेट्रोलचं नाव काढलं की लवकर ऐकतात, असा माझा अनुभव आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा साधा नियम. चढताना एसी बंद ठेवायचा, छोट्या इंजिनाला दोन्ही झेपत नाही. गाडी थरथरायला लागेपर्यंत वरच्या गिअरमध्ये रेटायची नाही, वेळेवर खालचा टाकायचा. आणि अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची.

राहिलेल्या गोष्टी लहान आहेत, पण मिळून बऱ्याच होतात. टायरची हवा बघा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर लिहिलेलं असतं. आमच्या गाडीत स्टिकरवर तीस आणि टायरमध्ये बावीस निघाली. बघून कळत नाही, मोजावी लागते, तीही सकाळी गाडी थंड असताना. यातून पेट्रोल वाचतं थोडंच, खोटं कशाला सांगू. पण टायर जास्त दिवस टिकतो आणि ब्रेक बरा लागतो. टपावरचं कॅरिअर मात्र आम्ही काढूनच टाकलं. त्याच अमेरिकन मोजणीत टपावर मोठी पेटी बांधली तर शहरात २ ते ८ टक्के आणि मोठ्या रस्त्यावर ६ ते १७ टक्के अ‍ॅव्हरेज जातं. तेवढाच माल डिकीत आणि मागच्या सीटवर बसवला, शेवयांचे पुडे तेवढे वर ठेवले.

उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं की लिटरला शून्य किलोमीटर. छोटी गाडीसुद्धा तासाला अर्धा-पाऊण लिटर अशी खाते. दौलताबादच्या दरवाजात रांग लागली की आम्ही इंजिन बंद करतो. त्याहून बरं म्हणजे रांगेत अडकूच नये. शनिवारी भद्रा मारुतीची गर्दी, श्रावणातल्या शनिवारी तर शहरातून पायी येणारे रस्ताभर. रविवारी वेरूळचे पर्यटक. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. आमची शनिवारची फेरी आम्ही मंगळवारी केली, हे कुणाच्या आधी ध्यानातच आलं नव्हतं.

आणि गाडी गार असताना जास्त पेट्रोल पिते. सकाळी गिरणीत, दुपारी पंचायतीत, संध्याकाळी दुकानात, अशा दोन-दोन किलोमीटरच्या तीन चकरा मारण्यापेक्षा एकच फेरी करा. दारात दहा मिनिटं गाडी गरम करत उभी ठेवायचीही गरज नाही. अर्धा मिनिट, मग हळूहळू निघायचं.

एक कारण मात्र आपल्या पायाच्या हातात नाही. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते उसापासून होतं, आणि आपल्या शिवारातल्या मक्यापासूनही होतं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात लिहिलंय, की मुळात इथेनॉलसाठी न बनवलेल्या जुन्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज यानं ६ ते ७ टक्के घटू शकतं. त्यासाठी जुळवलेल्या नव्या गाडीचं एक-दोन टक्केच. आमची गाडी जुनी. म्हणजे बावीसमधला दीडेक किलोमीटर इथंच गेला. मेस्त्रीकडून पेट्रोलच्या रबरी नळ्या तेवढ्या तपासून घेतल्या.

मधे एक जण बॅग घेऊन आला होता. पेट्रोलच्या नळीला चुंबक लावा, तीस टक्के बचत, फक्त दीड हजार. दोन ताईंनी पैसेही काढले होते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं अशी शंभरावर उपकरणं तपासली आहेत, आणि लक्षात यावी अशी बचत एकातही दिसली नाही. त्या माणसाला म्हटलं, आमची वही आहे, तीन टाक्या मोजून देतो, आकडा वाढला तर पैसे घेऊन जा. तो परत आला नाही.

तीन महिन्यांनंतरची नोंद वाचते: ३९६ किलोमीटर, २२ लिटर. म्हणजे १८. बावीस नाहीच आलं, येणारही नाही, घाट आणि पोती आहेत तोवर. पण महिन्याला ९०० किलोमीटर धरा. १५ च्या हिशोबानं ६० लिटर, १८ च्या हिशोबानं ५०. दहा लिटरचा फरक, १०५ रुपयांच्या भावानं १,०५० रुपये. वर्षाला १२,६००. यासाठी गटाचा खर्च झाला शंभर पानी वहीचा.

बैठकीत ज्या ताईंनी सात किलोमीटरचा प्रश्न विचारला होता, त्यांनी आता शिकाऊ लायसन्स काढलंय. पहाटे शाळेच्या मैदानावर सूनच त्यांना शिकवते. पहिल्या गिअरमध्ये चकरा, त्यामुळं त्या टाकीचं अ‍ॅव्हरेज तेराच्या खाली आलंय. वहीत आम्ही त्या दिवसांपुढं "शिकाऊ" एवढंच लिहितो.